सोयाबीन : मूळकुज रोगप्रतिकारकता

मूळकुजीच्या रोगकारकांचा शिरकाव वा प्रसार रोखण्याची सोयाबीनच्या वाणाची आनुवंशिक क्षमता. तिच्यामुळे वाणाची मूळ उत्पादनक्षमता वाढत नाही. रोगाने होणारी घट मात्र टळते वा कमी होते.

मूळकुज एकाच रोगकारकामुळे होत नाही. उत्तर अमेरिकेत पाणी साचणाऱ्या जमिनींत ती फायटॉप्थोरा सोजी या कवकसदृश सूक्ष्मजीवामुळे होते. तेथे एकेका प्रभावी जीनावर आधारलेली प्रतिकारकता वापरतात. परंतु रोगकारकाचे नवे प्रकार उद्‌भवल्यास ती निष्प्रभ ठरते. महाराष्ट्रात मॅक्रोफोमिना फॅसिओलिना हे कवक (बुरशी) महत्त्वाचे असून त्यास सु. २८° ते ३५° से. तापमान व कोरडी जमीन मानवते. संगमनेर (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. शेंगा भरण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिल्यास अशा भागातील उथळ जमिनींत झाडे अकाली वाळतात. मुळाची साल सोलल्यास आत कोळशाच्या पुडीसारखे काळे सूक्ष्म कण दिसतात. ते जमिनीत काही वर्षे टिकतात. ज्वारी, मका यांसह पाचशेहून अधिक वनस्पतींवर हे कवक वाढत असल्याने केवळ पिकांची फेरपालट पुरेशी ठरत नाही.

रोगट झाडाचा पाणी व अन्नद्रव्यांचा पुरवठा तुटतो. त्यामुळे दाण्यांची संख्या व शंभर दाण्यांचे वजन घटते. दाणे बारीक व सुरकुतलेले राहतात. प्रतिकारक वाणात दाणा भरण्याचा काळ पूर्ण मिळतो. रोग नसलेल्या वर्षी मात्र त्याचे उत्पन्न इतर वाणांहून अधिक येईलच असे नाही. बियाण्याच्या दृष्टीने हा फरक अधिक मोलाचा आहे. सोयाबीनचे बीजावरण पातळ असल्याने उगवणशक्ती लवकर घटते. शिवाय हे कवक बियांतूनही पसरते. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते.

या कवकाविरुद्ध पूर्ण प्रतिकारकता ज्ञात नाही. आढळते ती अंशतः व अनेक जीनांवर अवलंबून असते. जबलपूर येथे विकसित झालेला जे. एस. २०–३४ हा वाण या रोगास प्रतिकारक मानला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले संगम हा वाण तांबेऱ्यास मध्यम प्रतिकारक आहे; तथापि एका रोगाची प्रतिकारकता दुसऱ्या रोगास लागू पडत नाही. म्हणून वाण निवडताना रोगाचे नाव पाहणे आवश्यक असते. निरोगी झाडांचेच बी राखणे, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया व पावसाच्या खंडात संरक्षित पाणी देणे यांची जोड मिळाल्यास अंशतः प्रतिकारकताही उपयुक्त ठरते.