प्रायश्चित्तकाळ : पश्चात्ताप आणि श्रद्धा



राखेच्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावताना धर्मगुरू दोन वचनांपैकी एक उच्चारतात. एक वचन मर्त्यपणाची आठवण देते. दुसरे वचन संत मार्ककृत शुभवर्तमानातील असून ते पश्चात्ताप करण्यास आणि शुभवर्तमानावर श्रद्धा ठेवण्यास सांगते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच आवाहनात का आल्या असाव्यात, ह्याचे उत्तर ह्या काळातील दैनिक शास्त्रपाठांतून मिळते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, शास्त्रपाठांची नवी मांडणी झाली. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. परंतु प्रायश्चित्तकाळातील इतर वारांचे पाठ दरवर्षी बहुधा तेच असतात. पाठ तेच राहतात, ते ऐकणारे आपण मात्र गेल्या वर्षीचे राहिलेलो नसतो. मधल्या काळात कुठे नाते तुटलेले असते, कुठे मनात अढी बसलेली असते.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आपण यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५८वा अध्याय ऐकतो. उपवास करणारे लोक त्याच दिवशी भांडतात आणि मजुरांना राबवून घेतात, ह्यावर संदेष्टा बोट ठेवतो. भुकेल्याला अन्न देणे, उघड्याला वस्त्र देणे, जखडलेल्याला मोकळे करणे, हा देवाला आवडणारा उपवास होय. पहिल्या रविवारनंतरच्या शुक्रवारी प्रभू येशू ह्याहूनही पुढे नेतो. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे असल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावयास तो सांगतो.

हे वचन ऐकणे सोपे नाही. बांधावरून, वाटणीवरून किंवा एखाद्या समारंभातील मानापमानावरून अबोला धरलेले भाऊ आपल्या धर्मग्रामांतही आहेत. दोघेही क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला येतात, दोघेही शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करतात, पण मंदिराबाहेर एकमेकांकडे पाहत नाहीत. प्रायश्चित्त हे केवळ आंतरिक व वैयक्तिक नसावे, तर बाह्य व सामाजिकही असावे, असे परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे.

मग भावाच्या दारी जाण्याचे धैर्य कोठून येते? ते श्रद्धेतून येते. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी आपण उधळ्या पुत्राचा दाखला ऐकतो. धाकटा मुलगा दूर असतानाच पिता धावत त्याला भेटतो. त्याने पाठ केलेले क्षमायाचनेचे शब्द पूर्णही होऊ देत नाही. रुसून बाहेर थांबलेल्या थोरल्याची समजूत घालण्यासाठीही पिताच बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, हे प्रभू सांगत नाही. ते उत्तर आपण द्यावयाचे असते.

पवित्र सप्ताहातील मंगळवारी पेत्र आणि यहुदा एकाच भोजनाला बसलेले दिसतात. एक प्रभूला नाकारणार असतो, दुसरा त्याला धरून देणार असतो. पुढे दोघांनाही आपल्या कृत्याचे दुःख झाले. यहुदाने चांदीची नाणीही परत केली. परंतु प्रभूकडे परतण्याची वाट त्याला दिसली नाही. पेत्र रडला आणि शिष्यांमध्येच राहिला. पुनरुत्थित प्रभूने त्याच्याकडेच आपली मेंढरे सोपवली. श्रद्धेविना पश्चात्ताप निराशेकडे नेतो. पश्चात्तापाविना श्रद्धा ओठांवरच राहते.

म्हणून ह्या चाळीस दिवसांत आपण रोज त्या दिवसाचे शुभवर्तमान घरी सर्वांनी मिळून वाचू या. वाचून झाल्यावर, आज मी कोणाकडे जावयाचे आहे, हा एकच प्रश्न प्रत्येकाने मनाशी विचारावा. प्रायश्चित्त संस्कारासाठी रांगेत उभे राहण्यापूर्वी त्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरी जाऊन यावे. आपल्याआधी पिता तिथे पोहोचलेला असेल, हीच आपली श्रद्धा आहे.