जुनी फोर व्हील गाडी घेताना : जाम कुठे आहे ते आधी ओळखा

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या फोर व्हील जीप व जिप्सी गाड्यांना आजही गिऱ्हाईक आहे. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता व्यवहार होतो तो वापरलेल्या गाडीचाच. आंब्याच्या बागेसाठी, चिरेखाणीसाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी आपले अनेक बांधव अशा गाडीत लाखांची रक्कम घालतात. या व्यवहारात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'गाडी वळणावर जाम होते'. विकणारा म्हणतो, फोर व्हील अशीच चालते. मेकॅनिक म्हणतो, बॉक्स उतरवावा लागेल. दोघांपैकी कुणावरही विश्वास ठेवण्यापूर्वी थोडी तपासणी केली तर पैसाही वाचतो आणि पतही राहते.

मुळात जाम का होते?

जीप, जिप्सी यांसारख्या गाड्यांत फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांना एकाच वेगाने फिरावे लागते. पण वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळात जातात. एक्सेलमधले अंतर २.४ मीटर असून मागचा एक्सेल ४.५ मीटर त्रिज्येत वळत असेल, तर एका पूर्ण फेरीत मागची चाके सुमारे २८ मीटर आणि पुढची सुमारे ३२ मीटर जातात. चिखलात किंवा वाळूत चाक घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून सारा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. तेव्हा कोरड्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये टाकलेली अशी गाडी वळताना अडखळली, तर तो बिघाड नव्हे. ती टू व्हीलमध्येही अडखळत असेल, तरच ऐब शोधायचा. ज्या गाड्या कायम चारही चाकांवर चालतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांत हा फरक सोसण्याची सोय असते, म्हणून त्या वळणावर अडखळल्या तर दोष समजावा.

आधी टायर पाहा

स्वस्तातली तपासणी पहिल्यांदा करावी. चारही टायरांचा आकार व हवा सारखी आहे का ते पाहावे आणि प्रत्येकाचा घेर फीत लावून मोजावा. पुढे नवे आणि मागे ६ मिलिमीटर झिजलेले टायर असतील, तर घेरात जवळजवळ ३८ मिलिमीटरचा फरक पडतो. अशी गाडी फोर व्हीलमध्ये सरळ रस्त्यावरही ताण धरते आणि दांडा निघता निघत नाही. दांडा अडकलाच तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. ताण सुटून दांडा निघाला, तर बॉक्स उघडण्याची घाई करू नये.

जॅकवरची तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करावी. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना ठोकळे लावावेत. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, दांडा टू व्हीलमध्ये आणि पुढचे हब लॉक ठेवून पुढचे एक चाक उचलावे. ते हाताने फिरले, तर पुढचा शाफ्ट मोकळा आहे. फिरत नसेल, तर हब मोकळा करून पुन्हा फिरवावे. आता चाक फिरले, तर दांडा टू व्हीलवर दिसत असूनही बॉक्स आत जोडलेलाच आहे असे समजावे. लिंकेज किंवा फोर्क पाहावा. हब मोकळा करूनही चाक जड असेल, तर दोष ब्रेकचा किंवा बेअरिंगचा. असा दोष सरळ रस्त्यावरही जाणवतो, आणि चार-पाच किलोमीटर चालवल्यावर तेवढाच एक ड्रम तापलेला सापडतो.

क्राऊन-पिनियनचा घोळ

जोडाजोड केलेल्या गाड्यांत एका मॉडेलचा एक्सेल दुसऱ्याला बसवलेला असतो. पुढचे व मागचे क्राऊन-पिनियन वेगवेगळ्या प्रमाणाचे असतील, तर फोर व्हील टाकताच गाडी स्वतःशीच भांडते. तपासायचे असे : गाडी न्यूट्रलमध्ये व दांडा टू व्हीलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. एका एक्सेलचे एकच चाक उचलावे, बाकी तिन्ही चाकांना ठोकळे हवेतच. शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. साध्या डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जितके फेरे घेईल तितके ते प्रमाण. मग दुसऱ्या एक्सेलवर हेच करावे; पुढच्या चाकासाठी हब लॉक हवा. एकीकडे साडेचार आणि दुसरीकडे जवळजवळ पाच फेरे आले, तर एक क्राऊन-पिनियन बदलल्याशिवाय ती गाडी फोर व्हील म्हणून घेऊ नये.

सौदा करताना

टायर, हवा, लिंकेज, ब्रेक हे किरकोळ खर्च आहेत. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. बॉक्स आणि क्राऊन-पिनियनचा दोष मोठा, तिथे किंमत नव्याने ठरवावी किंवा गाडी सोडून द्यावी. विकणाऱ्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, ऐब माहीत असेल तर आधीच सांगा. गॅरेजवाल्यांनीही फीत आणि खडू वापरल्याशिवाय पान्याला हात घालू नये. गिऱ्हाईक पुन्हा दारात येते ते अशाच कारागिराकडे.