बारादेवीचा सप्तरूप शिव

महाशिवरात्रीचे पर्व आले की मुंबईकर भाविकांचे मन सहजच घारापुरीकडे धाव घेते. परंतु जवळजवळ त्याच काळातील, त्याच तोलाचे एक शिवशिल्प भोईवाड्यालगत, परळच्या बारादेवी मंदिरात उभे आहे, याचे स्मरण आपल्यापैकी कितीजणांना असते?

१९३१ साली परळमध्ये रस्त्याचे काम चालले असता ही शिळा भूमीतून प्रकट झाली. एकाच फिकट पाषाणात कोरलेले हे शिल्प सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे दोन पुरुष उंच आहे. अभ्यासक ते इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. मध्यभागी शिवाची तीन रूपे, एकातून दुसरे उमलावे तशी, वर वर चढत गेली आहेत. दोन्ही अंगांना आणखी दोन-दोन रूपे प्रकटली आहेत. अशी ही सात रूपे! पायथ्याशी शिवगण वाद्ये घेऊन बसले आहेत. काही भाग अपुरा राहिल्याचे जाणकार सांगतात. छिन्नी मध्येच का थांबली असेल? शिल्पकाराचे नाव काय? ते कोणत्या देवालयासाठी घडत होते? काळाने यातले काहीच राखलेले नाही.

येथे आमच्या मनात एक विचार येतो. पाषाण टिकला, पण स्मृती टिकली नाही. शिल्प मातीखाली होते, तेव्हा ते भंगले नव्हते. केवळ विसरले गेले होते. ते वर आले आणि मंदिरात विराजमान झाले, तेव्हा कुठे लोकांचे हात पुन्हा त्याच्यापुढे जोडले गेले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्याची प्लॅस्टरची प्रतिकृती आहे. तेथे रूप पाहावयास मिळते. येथे देव भेटतो. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे भोंगे एकामागून एक मुके झाले, चाळींच्या जागी मनोरे आले. या पालटातही जुन्या परळची खूण म्हणून ही सप्तमूर्ती आपल्या जागी आहे.

परंतु ज्या भक्तीने स्मृती राखली, तिच्याच हातून पाषाणाला इजाही होऊ शकते. तेल, दूध, शेंदूर यांचे थर कोरीव रेषा हळूहळू बुजवितात. पाषाणाला लागलेला घाव भरून येत नाही. हे शिल्प संरक्षित स्मारक आहे. त्याची राखण मात्र केवळ सरकारी फलकाने होणार नाही. अभिषेकासाठी शिवलिंगे ठायी ठायी आहेत. येथे दुरून वाहिलेले मनाचे बिल्वपत्र भोळ्या शंकराला का पोचणार नाही?

म्हणून वाचकांना आमची एवढीच विनंती: या महाशिवरात्रीला घरातील मुलांना बारादेवीस न्यावे, सात रूपे त्यांच्याकडून मोजून घ्यावीत आणि हात जोडून परतावे. आज मोजलेली ही रूपे त्यांनी उद्या आपल्या मुलांना दाखविली, तर चौदाशे वर्षांचा हा ठेवा पुन्हा विस्मृतीत जाणार नाही.