पहाटे धावणाऱ्या मुलांचे बूट

पोलीस भरती जवळ आली की आमच्या वस्तीतील मुले-मुली पहाटे पाचला धावायला निघतात. कुणी गोल्फ क्लब मैदानावर, तर कुणी त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. एका गुणाने नोकरी हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. म्हणून बुटांचा प्रश्न आम्हाला चैनीचा वाटत नाही.

आमच्या शेजारच्या मुलीने अनवाणी धावल्यासारखे वाटावे म्हणून अगदी पातळ तळाचे बूट घेतले आणि पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर धावली. पोटऱ्या धरल्या, टाचेमागची शीर सुजली. भरती तोंडावर असताना तीन आठवडे घरी बसली. तिच्या भावाला वडिलांनी उसनवारीने उंच, गादीसारख्या तळाचे बूट आणले. खडबडीत वाटेवर त्याचा घोटा मुरगळला. दोन्ही टोके वाईट. तथागतांचा मध्यम मार्ग इथेही उपयोगी पडतो.

इथियोपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला; १९६४ साली टोकियोत तोच बूट घालून पुन्हा जिंकला. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. पळण्याची ताकद पायात असते, बुटाच्या किमतीत नसते. पण काच, खडी आणि बाभळीचा काटा यांपासून पाय वाचवणे हे बुटाचेच काम.

तेव्हा पालकांनी बूट घेताना एवढे पाहावे. बूट हलका असावा; एक बूट साधारण २०० ते २५० ग्रॅमचा. चवड्याजवळ हाताने सहज वाकावा, पण तळ अंगठ्याने दाबल्यावर खडा टोचेल इतका पातळ नसावा. टाच चवड्यापेक्षा फार उंच नको. चार ते आठ मिलिमीटरचा फरक पुरे. पुढे बोटे मोकळी पसरावीत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहावी. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे घालून दोन्ही बूट घालावेत आणि दुकानात चार पावले पळून पाहावे. मोठ्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नयेत.

नवे हलके बूट आणले तरी पहिले दोन-तीन आठवडे थोडेच अंतर त्यात धावावे, बाकी जुन्यात. पायांना सवय व्हायला वेळ लागतो. दुखणे वाढले तर थांबावे. भरतीच्या आदल्या दिवशी नवे बूट कधीही काढू नयेत.

आमच्या आजोबांना गावच्या चावडीपुढून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. आज त्यांची नात बूट बांधून मैदानात उतरते आहे. बापाने तिच्यासाठी एक संध्याकाळ काढावी, तिला दुकानात न्यावे, आणि बूट तिच्या पायाला विचारून घ्यावा.