रोमचे नाणे, तेरची माती

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर पुष्कळ घरांत अजून राणीछाप रुपया निघतो. त्याला हळदकुंकू वाहताना कुणाचा हात अडखळत नाही. पुतळ्यांच्या माळेचेही तेच. मूळची ती व्हेनिसची सोन्याची नाणी. त्यांवरच्या उभ्या आकृतींना आपल्या बायकांनी पुतळ्या म्हटले आणि गळ्यात घातले! परक्या राजाचा छाप अंगावर मिरवण्याची ही हौस फार जुनी आहे, याची साक्ष लातूरच्या शेजारी तेरला मिळते.

तेरणाकाठचे हे गाव आपण गोरोबाकाकांचे म्हणून ओळखतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ते ‘तगर’ आहे, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. तिथे गलबतांतून रोमची सोन्यारुप्याची नाणी उतरत, आणि देशी नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा सुटे.

भारतात सापडणारी ही रोमन चांदी बहुतेक दोन छापांची. एकीवर ऑगस्टस बादशहा व मागे ढालीभाले घेतलेले त्याचे दोन नातू. दुसरीवर टायबेरियसचे डोके, त्यावर पानांची माळ. मागे आसनावर बसलेली, हाती डहाळी धरलेली स्त्री. आपल्याकडच्या कुणी तिला लक्ष्मीच समजले असेल, तर नवल नाही.

मग आपल्या भागात ही चांदी फारशी का आढळत नाही? बहुधा ती मुशीत गेली. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर रोमन थाटाचे डोके आहे, भोवती ग्रीक अक्षरांची मोडतोड! १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला त्याची तेरा हजारांवर नाणी निघाली. त्यांतल्या सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारला होता. शत्रूच्या ऐन तोंडावर आपला डोंगर उमटवला होता.

ज्यांना चांदी परवडत नव्हती, त्यांनी मातीवर भागवले. तेर, कोंडापूर अशा ठिकाणी रोमन नाण्यांच्या छापाच्या भाजलेल्या चकत्या मिळाल्या आहेत, दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्याजोग्या. अक्षरे कुणाला वाचता येत नसणार. मुखवटा तेवढा हवा होता. सोनाराच्या उपयोगाच्या नाहीत, म्हणूनच त्या वाचल्या.

तेरच्या पांढरीतून पावसाळ्यानंतर वर येणाऱ्या अशा वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आज गावात आहे. नांगराला जुने धन लागले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. सराफाच्या तराजूत टायबेरियस पुरता चार ग्रॅमही भरत नाही.