मोनिकेचा मुलगा

शिकून शहाणा झालेला मुलगा घरच्या धर्माला हसू लागला, म्हणजे आईने काय करावे? वाचकहो, आपल्या खेड्यापाड्यांतून पडणारा हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी मोनिका नावाच्या बाईला पडला होता. आजच्या अल्जीरियातले सूक अहरास ते हेच गाव. कॅथलिक लोक तिला संत मोनिका म्हणतात. त्या काळी मात्र ती एका तापट नवऱ्याची बायको आणि हुशार पोराची आई, एवढीच होती.

नवरा ख्रिस्ती नव्हता. तो अखेरच्या दिवसांत झाला. मुलाचे उलटेच. ३५४ साली जन्मलेल्या ऑगस्टीनला लहानपणी क्रुसाची खूण करून ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावर आणले होते, स्नानसंस्कार तेवढा राहिला होता. पुढे तो कार्थेजला शिकायला गेला आणि मानी पंथात शिरला. सत् आणि असत् अशा दोन शक्ती जगात झुंजत आहेत, असे हा पंथ सांगे. नऊएक वर्षे तो त्यातच होता.

मोनिकेने आधी त्याला घरात घ्यायचेच नाकारले. मग निवळली, एका पंगतीला बसू लागली. माझ्या मुलाशी वाद घाला, म्हणून तिने एका बिशपला गळ घातली. तो बिशप लहानपणी त्याच पंथात वाढलेला. तो नको म्हणाला. पोरगा वाचून वाचून आपणच चूक ओळखील, असे त्याचे मत! शिक्षकमंडळींनी यावर जरूर विचार करावा.

३८३ साली ऑगस्टीन आईला चकवून रात्रीच रोमच्या गलबतात बसला. म्हातारी मागोमाग समुद्र ओलांडून मिलानला पोहोचली. तिथले बिशप अँब्रोज मोठे वक्ते. ऑगस्टीन त्यांची भाषणे ऐके ती नुसत्या वक्तृत्वासाठी. पण शब्दांबरोबर अर्थही आत शिरला, बरं का.

एक गोष्ट मात्र झाकू नये. पंधराएक वर्षे त्याच्याजवळ राहिलेली, त्याच्या मुलाची आई, हिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले, कारण प्रतिष्ठित घरातले स्थळ ठरले होते. त्यात मोनिकेचाच पुढाकार. ते लग्न शेवटी झालेच नाही, आणि त्या बाईचे नावही ऑगस्टीनने कुठे लिहून ठेवले नाही. संत झाली तरी आईच ती. मुलाच्या संसाराचा तिचा हिशोब इथे फार कठोर ठरला.

३८७ च्या ईस्टरला अँब्रोजनी ऑगस्टीनला स्नानसंस्कार दिला. त्याच वर्षी गावी परतताना ओस्तिया बंदरात मोनिका तापाने आजारी पडली. नवऱ्याशेजारी पुरावे म्हणून तिने जागा राखून ठेवली होती. आता म्हणाली, कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. नवव्या दिवशी ती गेली. वय छप्पन्नावे.

जुन्या गोव्यात १६०६ साली सुरू झालेला जोगिणींचा मठ तिच्याच नावाचा. ओस्तियात मात्र तिची खूण पार बुजली होती. १९४५ साली तिथल्या चर्चच्या आवारात पोरे खेळाचा खांब रोवायला खड्डा खणत होती, तेव्हा तिच्या समाधिलेखाचा एक तुकडा हाती लागला.