तुणतुणं हाती घेतलेला मास्तर

स्वतःच्याच खुनाबद्दल फाशीची शिक्षा पत्करणारा माणूस मराठी प्रेक्षकाने पाहिला तो 1972 साली, व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये. गावाला वळण लावणारे श्रीधर गुरुजी तमाशाचा फड गावाबाहेर काढतात. फडाची नायकीण चंद्रकला त्यांच्या हाती तुणतुणं देण्याची शपथ घेते आणि ती खरी करून दाखवते. दरम्यान दुसऱ्याच एका प्रेताला गाव गुरुजींचं प्रेत समजतं आणि ‘हुतात्म्या’चा पुतळा उभारतं. जिवंत गुरुजी फडामागे वणवण करत राहतात आणि शेवटी गुरुजींच्याच खुनाचे आरोपी म्हणून पकडले जातात. मीच तो, एवढं एक वाक्य त्यांना सोडवू शकलं असतं. गुरुजी ते बोलत नाहीत, कारण बोलले तर पुतळा पडतो.

तुरुंगाचे गज या चित्रपटात शेवटी दिसतात, पण कैद फार आधी सुरू झालेली असते. शांतारामांना या विषयाचं वेड जुनं होतं. 1957 सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये त्यांनी सहा खुनी कैद्यांना भिंतींबाहेर माळरानावर आणलं होतं. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्या कथेमागे होता आणि कथा होती त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. तिथं कैद्यांना बेड्या नसतात, त्यांना धरून ठेवतात ते जेलरचे डोळे. बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. ‘पिंजरा’त जेलर उरलाच नाही. पहारा करतो तो गुरुजींचा स्वतःचाच पुतळा. मला ही पुढची पायरी वाटते, आणि जास्त भयाण.

‘पिंजरा’चं मूळ 1930 सालच्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे. हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी तो केला होता. त्यातला प्राध्यापक नाचणारीपायी धुळीला मिळतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात, आपल्याच मेजाशी प्राण सोडतो. त्याच्यामागे कुणी पुतळा उभारत नाही. पुतळा आणि खुनाचा खटला ही भर मराठी आहे आणि चित्रपटाचं सगळं बळ तिच्यात आहे. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे, गीतं जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदम यांचं. ‘नटसम्राट’ला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा डॉ. श्रीराम लागू गुरुजी म्हणून पडद्यावर आले आणि सोबत निळू फुले होते.

लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जाणकारांचं मत मात्र तेव्हापासून आजतागायत दुभंगलेलं आहे. लागूंबद्दल फारसा वाद नाही. ताठ मानेचा मास्तर खांद्यात हळूहळू कसा वाकत जातो, ते त्यांनी चेहऱ्यापेक्षा पाठीतून जास्त दाखवलं. चंद्रकला झालेल्या संध्याबाईंच्या अभिनयावर मात्र आक्षेप आले. कुणाला तो भडक वाटला, कुणाला लावणीपेक्षा नृत्यनाट्याच्या जवळचा. नीती-अनीतीची मांडणी फार ठळक आहे, प्रतीकं प्रेक्षकाच्या हातात कोंबली जातात, अशीही तक्रार झाली. ती मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायला पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जावं लागतं.

मीना नदीकाठच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांतले, शिवाय खेड, शिरूर, पारनेरकडचे गावकारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. कुणाचा वग जोरात, कुणाची ढोलकी कडक, याची बोलणी होऊन तारखा ठरतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. त्या घरातल्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला. भर कार्यक्रमात पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. अखेरची वर्षं त्यांनी हलाखीत काढली, हे तितकंसं ठाऊक नाही.

आता या गावात उभं राहून ‘पिंजरा’ पाहावा. मास्तर पुरता बुडाला याची चित्रपटातली खूण कोणती? त्याच्या हातात तुणतुणं आलं. गण, गवळण, बतावणी, वग या सगळ्या रात्रभराच्या खेळात मागं उभा राहून तुणतुण्यावर सूर धरणारा झीलकरी नसेल तर पुढच्याचा आवाज टिकत नाही. हे तुणतुणं घरच्या चुलीचं साधन आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी ते वाजवून पोरं वाढवली, त्यांच्या कामाला पडद्यावर अधोगतीची शेवटची पायरी म्हटलं गेलं. गुरुजींची पडझड प्रेक्षकाला रडवते, पण त्याच बोर्डावर जन्मभर उभ्या असलेल्या झीलकऱ्यासाठी चित्रपटाकडे एक दृश्यही नाही. मास्तर तिथं पोचला म्हणून शोकांतिका. बाकीचे तिथंच होते, त्याचं काय?

हा दोष शांतारामांच्या नजरेचा होता असंही म्हणता येत नाही, कारण 1947 साली त्यांच्याच राजकमल या चित्रसंस्थेने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला होता. सोलापूरचा विद्वान ब्राह्मण तमाशात जातो, घर तुटतं, पण तो कवी म्हणून मोठा होतो. तोच प्रवास, उलटा निकाल. मधल्या पंचवीस वर्षांत काय बदललं? त्या चित्रपटानंतर थोड्याच काळात खेर सरकारने तमाशावर बंदी घातली, मग सुधारणेच्या अटींवर ती उठवली. ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटापासून तमाशापटांची लाट आली आणि तिच्यात फडातली बाई म्हणजे एक तर मोहिनी नाहीतर बळी, असा साचा पक्का झाला. गुरुजी फडाला गावाबाहेर काढतात तेव्हा त्यात त्या बंदीचा सूर ऐकू येतो. चित्रपट त्या सुराला चूक म्हणत नाही. गुरुजींना शिक्षा होते ती नियम मोडल्याबद्दल. नियम बरोबर होता का, हे न्यायालयात कुणी विचारत नाही.

तरीही मी हा चित्रपट टाकून द्यायला तयार नाही. समाज माणसाला मोठं करतो आणि मग त्या मोठेपणातून बाहेर पडायची वाट बंद करतो, हे इतक्या नेमकेपणाने आपल्याकडे क्वचितच सांगितलं गेलं. घोडेगाव, मंचर, ओतूरकडच्या गावांत मास्तरांचा शब्द शेवटचा मानणारी एक पिढी होती. तिला त्या फाशीतली घुसमट समजायला समीक्षकाची गरज नव्हती. आणि त्याच गावांत यात्रेच्या रात्री तंबूत पुढची जागा धरून बसणारीही हीच माणसं. मास्तरांबद्दल आदर आणि ढोलकीची ओढ एकाच माणसात नांदत होती. चित्रपटाने त्या दोहोंत भांडण लावलं आणि भांडणाचा निकाल एकतर्फी दिला, तरी भांडण खरं होतं. प्रेक्षकांनी गर्दी केली ती मला वाटतं त्या भांडणासाठी, निकालासाठी नव्हे.

2016 साली ‘पिंजरा’ डिजिटल रूपात पुन्हा पडद्यावर आला. पण त्यातल्या लावण्यांना पुनरागमनाची गरज नव्हती. राम कदमांच्या चाली आणि उषा मंगेशकरांचा आवाज फडांनी केव्हाच आपलासा केला होता. रंगबाजीत त्या लावण्यांची फर्माईश होते, ढोलकीवाला तोडा घेतो, फेट्यांतून नोटा पुढं होतात, आणि मागं झीलकरी सूर धरून उभा असतो.